गुडघा कुठे आहे, हे कॅमेऱ्याला कसं कळतं?

२० नोव्हेंबर २०२२, कतार. फुटबॉल विश्वचषकाच्या सलामीच्या सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरने गोल केला आणि तो रद्दही झाला. त्यांच्या एका खेळाडूचा पाय ऑफसाइड, म्हणजे नियमापेक्षा पुढे होता. साध्या डोळ्यांना हे चटकन कळण्यासारखं नव्हतं. पकडलं ते स्टेडियमच्या छताखाली बसवलेल्या १२ कॅमेऱ्यांनी. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू ते सेकंदाला ५० वेळा टिपत होते, तेही कुणाच्याच अंगावर एकही खूण न चिकटवता.

खुणा लावून हालचाल टिपण्याची युक्ती मात्र जुनी. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात माणसाला काळा पोशाख घालून त्यावर हातापायांच्या रेषेत पांढऱ्या पट्ट्या लावल्या होत्या. आज स्टुडिओत पट्ट्यांऐवजी चकाकणारे छोटे गोळे असतात. खुणाच नसतील, तर गुडघा कोण दाखवणार?

माणसंच दाखवतात, पण आधी. असंख्य फोटोंमधले खांदे, कोपरं, गुडघे माणसांनी एकेक क्लिक करून नोंदवलेले असतात. ‘कोको’ या प्रसिद्ध संग्रहात प्रत्येक माणसाचे असे १७ बिंदू धरले आहेत. त्यावरून शिकलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली, नव्या फोटोत गुडघा कुठे असण्याची शक्यता किती, ते सांगतं. गर्दीत कुठलं कोपर कुणाचं, हा आणखी एक घोळ. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘ओपनपोझ’ या सॉफ्टवेअरने तो सोडवताना सांध्यांसोबत हातापायांची दिशाही ओळखायला घेतली.

खरी अडचण पुढे आहे. फोटो सपाट असतो. त्यात हात आखूड दिसला, तर तो कॅमेऱ्याकडे झुकलाय की मागे? दोन्हींचं चित्र जवळपास सारखंच. शरीराचे दहा भाग धरले आणि प्रत्येकाच्या अशा दोन शक्यता, तर एकाच फोटोतून १,०२४ शक्यता निघतात! गुडघा पुढच्या बाजूला वाकत नाही, अशा नियमांनी त्यांतल्या बऱ्याच बाद होतात, सगळ्या नाही. म्हणून कॅमेरे अनेक लागतात: प्रत्येकाकडून त्या बिंदूकडे एक रेषा काढायची आणि त्या जिथे जवळजवळ मिळतात, तिथे सांधा. मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ या व्हिडिओ गेमसाठीच्या कॅमेऱ्याने २०१०मध्ये वेगळी वाट धरली; अवरक्त प्रकाश टाकून अंतरच मोजलं.

तरी सांधा असतो त्वचेच्या आत, आणि क्लिक करणाऱ्याला दिसतात कपडे. साडीच्या निऱ्यांआडचा गुडघा तर निव्वळ अंदाजच. ऑफसाइडचा निर्णय समजावायला पडद्यावर दाखवतात ती चकचकीत त्रिमिती प्रतिकृती जितका आत्मविश्वास दाखवते, तितका मला पटत नाही. अर्थात चिकटवलेले गोळेही त्वचेबरोबर हाडावरून सरकतात. त्यांनाही अंतिम सत्य मानता येत नाही.

रुग्णाची चाल तपासताना मात्र ही सोय मोठी आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांची ‘ओपनकॅप’ ही प्रणाली दोन आयफोनच्या चित्रणावरून सांध्यांचे कोन काढते, आणि स्नायूंच्या बलाचा अंदाजही देते. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही.