शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा गंज : कारणशोध

शस्त्रक्रियेची कात्री, आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा) किंवा हाडात बसवलेली पट्टी का गंजली, हे पुराव्यानिशी ठरवण्याची पद्धत. ‘स्टेनलेसला गंज चढत नाही’ हा समज घरोघरी आहे. तो अर्धाच खरा. क्रोमियममुळे पोलादावर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच धातूला सांभाळतो. क्लोराइड या थराला भोके पाडते. ते रक्तात असते, ०.९ टक्के मिठाच्या सलाइनमध्ये असते, जंतुनाशक म्हणून वापरलेल्या ब्लीचमध्ये तर असतेच.

सगळे स्टेनलेस सारखे नसते. धार टिकावी म्हणून कात्र्या बहुधा ४२० जातीच्या पोलादाच्या करतात. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के. शरीरात बसवायच्या ३१६एल पोलादात ते जास्त असते, शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. त्यामुळे एकाच ट्रेमध्ये कात्री आधी गंजते.

शोधाचा पहिला नियम म्हणजे वस्तू घासायची नाही. आधी फोटो, मग डागाचा नमुना, त्यानंतर एका कोपऱ्यात साधे खोडरबर फिरवून पाहावे. डाग निघून खाली धातू गुळगुळीत दिसला तर तो पाण्याचा किंवा साबणाचा डाग. खड्डा उरला तर गंज. फोर्सेप्सचा सांधा मात्र उघडूनच पाहावा लागतो. बाहेरून लखलखीत असते, पण उघडताना अडते आणि ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रातून) काढल्यावर सांध्यातून तांबूस थेंब ओघळतो. तिथे अडकलेल्या रक्ताखाली ऑक्सिजन पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो.

पुढचे काम प्रयोगशाळेचे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या क्ष-किरण विश्लेषणात खड्ड्याच्या तळाशी क्लोरीन सापडले, तर ठपका सहसा धुण्याच्या पद्धतीवर येतो. सांध्याच्या जोडकामाशेजारी, धातूच्या कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड (क्रोमियम आणि कार्बनचे संयुग) दिसले, तर दोष कारखान्यातल्या तापवण्याचा.

बडोद्याला ही विद्या घरची आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेले कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले. तिथे धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

खड्डा पडलेले उपकरण पॉलिश करून परत ट्रेमध्ये ठेवणे साफ चूक. खड्ड्यात रक्ताचा अंश दडतो, तिथे वाफ नीट पोचत नाही, आणि त्याचा गंज शेजारच्या नव्या उपकरणांवरही उतरतो. म्हणून तपासणाऱ्याने गंजलेल्या वस्तूबरोबरच तो अख्खा ट्रे, शेवटच्या खळबळण्याच्या पाण्याचा नमुना आणि भिजवण्याच्या वेळेची नोंदवही मागून घ्यावी.