गर्भाशयाची सोनोग्राफी आणि तुंब भरलेली लघवी

‘लघवी जितकी तुंबेल तितकं गर्भाशय स्वच्छ दिसतं’ हा समज अर्धाच खरा आहे, आणि तोही फक्त पोटावरून केलेल्या तपासणीपुरता. तिथे भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं. आतड्यातल्या हवेतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत, पाण्यातून सहज जातात. त्यासाठी तासभर आधी ३-४ ग्लास पाणी पुरतं. त्याहून जास्त ताणलं तर गर्भाशय दाबलं जाऊन मागे सरकतं, आकार बदललेला दिसतो. मग थोडी लघवी करून या, असं सांगावं लागतं.

योनीमार्गातून केलेल्या तपासणीत नेमकं उलट: मूत्राशय रिकामंच हवं. प्रोब (ध्वनिलहरी सोडणारी दांडी) गर्भाशयाच्या अगदी जवळ असल्याने जास्त वारंवारतेच्या लहरी वापरता येतात, त्यामुळे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये नीट मोजता येते. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला तर ४ मिमीच्या वरचं अस्तर पुढे तपासतात, तिथे हीच अचूकता लागते.

पॉलिप (अस्तरातून वाढलेला छोटा कोंब) शोधायचा असेल तर पाळी थांबल्यावर लगेचचे दिवस बरे. तेव्हा अस्तर पातळ असतं. पुढे जाड अस्तरात छोटा पॉलिप सहज लपतो. फायब्रॉइडला (गर्भाशयाच्या स्नायूतल्या गाठीला) मात्र तारखेचं फारसं बंधन नाही.