खाजनाच्या चिखलाला वास का येतो?

पणजीहून रायबंदरच्या रस्त्याने ओहोटीच्या वेळी बस निघाली, की कुणी ना कुणी नाकाला रुमाल लावतं आणि म्हणतं, "गटार सोडलंय वाटतं!" शहराचं सांडपाणी खाडीत जातं हे खरं आहे आणि ते थांबायलाच हवं. पण रस्त्याकडेला तिवरं आणि कांदळं ही खारफुटीची झाडं उभी आहेत, त्यांच्या बुडाशी जो चिखल आहे त्याला कुजक्या अंड्यांचा हा वास गटार नसतानाही येतो. चोडणच्या पक्षी अभयारण्यातही येतो. हा हायड्रोजन सल्फाइड वायू. त्याचं प्रमाण हवेच्या अब्जभर रेणूंत मोजके रेणू इतकं अल्प असलं तरी आपलं नाक तो ओळखतं.

शाळेच्या पुस्तकात परिसंस्थेचे घटक दोन रकान्यांत मांडलेले असतात, जैविक आणि अजैविक. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण मूठभर खाडीचा चिखल हातात घेतला, तर कोणता कण कुठल्या रकान्यात टाकायचा हे सांगता येत नाही.

तिवराची पानं गळतात, चिखलात गाडली जातात. ती कुजवायला जिवाणू लागतात आणि जिवाणूंना लागतो ऑक्सिजन. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो, म्हणून भिजलेल्या चिखलात पहिल्या काही मिलिमीटरांतच तो संपतो. मग जिवाणू दुसरं काहीतरी शोधतात. श्वसन म्हणजे शेवटी अन्नातले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात बांधणं. ऑक्सिजन नसेल तर नायट्रेट, ते संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. या क्रमाने हाती लागणारी ऊर्जा कमी कमी होत जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 2.7 ग्रॅम सल्फेट असतं आणि दिवसातून दोनदा येणारी भरती ते पुन्हा भरून देते. साहजिकच खाडीत सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य असतं. ते सल्फेटचं सल्फाइड करतात. तोच आपल्याला येणारा वास.

सल्फाइड विषारी असतं. मग तिवर जगतं कसं? चिखलातून वर आलेली त्याची बोटभर उंचीची श्वसनमुळं ओहोटीत हवा आत ओढतात आणि खालच्या मुळांपर्यंत पोचवतात. त्यातला थोडा ऑक्सिजन मुळांतून बाहेर झिरपतो आणि सभोवतालचं सल्फाइड निष्प्रभ करतो. खेकडेही बिळं खणून हवेला वाट करून देतात. असं एखादं बीळ उभं चिरून पाहावं. सगळा चिखल काळाकुट्ट, पण बिळाच्या भिंतीला गंजासारखी तांबूस किनार. तो गंजच असतो, लोहाचं ऑक्साइड. एका खेकड्याने चिखलाचं रसायन बदललेलं डोळ्यांना दिसतं.

हे लोह येतं जांभ्या दगडातून. गोव्यातले सडे, डोंगर लोहाने लाल आहेत. पावसाळ्यात मांडवी, जुवारी ती माती खाली आणतात. समुद्राचं सल्फेट, डोंगराचं लोह, झाडाची पानं आणि जिवाणू, या चौघांनी मिळून चिखलात पायराइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज तयार होतं. खनिज म्हणजे निर्जीव, पण जिवाणूंशिवाय ते इथे झालंच नसतं. जोवर चिखल पाण्याखाली आहे तोवर पायराइट शेकडो वर्षं निमूट पडून राहतं.

चिखल सुकला की मात्र हवा शिरते. पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होतं, आणि एक किलो पायराइटपासून सुमारे 1.6 किलो! मातीचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), 4 च्या खाली उतरतो, चिकणमातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं, भाताची मुळं खुंटतात, ते पाणी ओहोळात उतरलं की माशांचे कल्ले जळतात. अशी जमीन नापीक झाली की राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, कोपला म्हणून गाऱ्हाणी घातली जातात. श्रद्धेने नारळ ठेवणाऱ्यांचा मी मान राखतो, पण कोप राखणदाराचा नाही, आटवलेल्या चिखलाचा आहे, आणि त्यावर गाऱ्हाणं चालत नाही.

आपल्या पूर्वजांनी रसायनशास्त्र न शिकता यातून मार्ग काढला होता. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली शेती; गोव्यात अशी जमीन सुमारे 18 हजार हेक्टर मानली जाते. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची, लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपसूक मिटतात, ओहोटीत आपसूक उघडतात. पावसाळ्यात गोडं पाणी क्षार धुऊन नेतं आणि कोरगूटसारखं खारटपणा सोसणारं भात पिकतं. पीक निघाल्यावर बऱ्याच ठिकाणी खारं पाणी आत घेऊन मासळी, कोळंबी धरतात. त्यामुळे खालचा चिखल ओला राहतो, ही माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट.

कांदळवन म्हणजे ऑक्सिजनचा कारखाना, ही घोषणाही आता पुरे. त्याची खरी किंमत चिखलात आहे, कारण ऑक्सिजनविना पानं सावकाश कुजतात आणि त्यांतला कार्बन गाडलेला राहतो. फोटोसाठी उघड्या दलदलीत, पक्ष्यांच्या चरण्याच्या जागी रोपं खोचून हे साधत नाही. तिथे भरतीची पातळी न मानवल्यामुळे बहुतेक रोपं मरतात.

खाजनात तळं खणायचं किंवा पाणी कायमचं काढून टाकायचं घाटत असेल, तर आधी खोलवरचा चिखल तपासून घ्यावा. ताजा नमुना फसवतो, त्याचा पीएच 7 च्या आसपास येतो. तोच नमुना पातळ थरात, ओलसर ठेवून, हवा लागू देत किमान 8 आठवडे ठेवावा आणि पुन्हा मोजावा. आकडा 4 किंवा त्याखाली गेला, तर तिथे कुदळ लावू नये.