फ्रान्समध्ये सिनेमावर पीएचडी: अर्ज कुठे आणि कधी?

एम.ए. फ्रेंच झालेली मुलं पहिल्यांदा विचारतात, ‘फॉर्म कुठे मिळतो?’ सिनेमावर पीएचडी करायला फ्रान्सला जायचं असेल, तर फॉर्म शेवटी येतो. आधी मार्गदर्शक गाठायचा. पॅरिसच्या सोर्बोन नूव्हेल किंवा पॅरिस-८ विद्यापीठातल्या अध्यापकांचे विषय वाचा आणि चार-पाच पानी आराखडा फ्रेंचमधूनच पाठवा. त्यांनी होकार दिल्याशिवाय ‘एकोल दोक्तोराल’, म्हणजे पीएचडीचा कारभार बघणारा विभाग, अर्ज घेत नाही. खरी मेहनत या आराखड्यावरच करावी. ‘फ्रँकोफोन (फ्रेंचभाषक) सिनेमा’ एवढं मोघम लिहून भागत नाही. सेनेगलच्या उस्मान सेम्बेनसारख्या दिग्दर्शकाने वोलोफ या तिथल्या भाषेतही चित्रपट केले. मग त्याला फ्रँकोफोन म्हणायचं का, असा नेमका प्रश्न हवा.

पात्रतेसाठी मास्टर्स लागतं. आपल्याकडची अडचण अशी की अनेक एम.ए.मध्ये मोठा शोधप्रबंध नसतो आणि तिथे तो हमखास मागतात. आपली पदवी तिथल्या मास्टर्सशी समकक्ष धरून प्रवेश मिळू शकतो, पण माझ्या मते आधी तिथे सिनेमाच्या मास्टर्सचं दुसरं वर्ष करणं शहाणपणाचं.

कागदपत्रांत पदव्या व गुणपत्रिका (अधिकृत फ्रेंच भाषांतरासह), एम.ए.चा प्रबंध, सीव्ही, आराखडा आणि मार्गदर्शकाचं संमतीपत्र. भाषेचा दाखला मागितला, तर डेल्फ-डाल्फ या फ्रेंचच्या परीक्षा आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत देता येतात.

प्रवेश आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे बरेच जण फसतात. प्रवेश मिळाला म्हणून पगार सुरू होत नाही. त्यासाठी ‘कोंत्रा दोक्तोराल’ हा तीन वर्षांचा करार वेगळ्या स्पर्धेतून मिळवावा लागतो. मुलाखती बहुतेक ठिकाणी तिथल्या (जुलै-ऑगस्टच्या) उन्हाळी सुट्टीआधी उरकतात, म्हणून मार्गदर्शकाला पत्र आदल्या दिवाळीच्या सुमारास जायला हवं. करार मिळाला, तर विद्यापीठ ‘कोंव्हांसियों दाक्युय’ हा यजमान-करारनामा देतं आणि त्यावर संशोधकाचा व्हिसा मिळतो. स्वखर्चाने जाणाऱ्यांना कँपस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेमार्फत विद्यार्थी व्हिसा.

पीएचडीनंतर कायम अध्यापकपदासाठी आधी राष्ट्रीय विद्यापीठ परिषदेकडून पात्रता घ्यावी लागते. सिनेमा तिथल्या विभाग १८ मध्ये येतो. फ्रेंच नागरिकत्वाची अट नाही. या पात्रतेच्या अर्जाला पदवीबरोबर पीएचडीच्या तोंडी परीक्षेचा अहवालही जोडावा लागतो. पीएचडी भारतातून केली असेल आणि तुमचं विद्यापीठ असा अहवाल देत नसेल, तर ‘असा अहवाल दिला जात नाही’ असं पत्र कुलसचिव कार्यालयाकडून वेळेत घेऊन ठेवा.