स्वनिर्मित हलक्या विमानाची उड्डाणचाचणी (बेळगाव सीमाभाग)

हौशी कारागिराने स्वतः किंवा सुट्या भागांच्या संचातून बांधलेले विमान प्रथम हवेत पडताळून पाहण्याची प्रक्रिया. येथे प्रत्येक विमान स्वतंत्र नमुना असल्याने सुरुवातीची उड्डाणे सर्वांत जोखमीची असतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अभ्यासात इंजिनातील बिघाड आणि हवेत नियंत्रण सुटणे ही अपघातांची प्रमुख कारणे आढळली. यांपैकी मूळ कारण कोणते, याविषयी एकमत नाही. काही जण वैमानिकाच्या अपरिचिततेवर भर देतात. तथापि अनेकदा दोन्ही घटना एकाच साखळीतल्या असतात. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडते, वैमानिक धावपट्टीकडे परत वळतो, वेग घटतो, पंखांची उचल तुटते आणि सावरण्याइतकी उंची उरलेली नसते. म्हणून जमिनीवरील इंधनपुरवठ्याची तपासणी अधिक निर्णायक मानणे सयुक्तिक वाटते. विमानाचे नाक चढणीच्या कोनात येईल असे ते उभे करतात (मागे चाक असल्यास ते खड्ड्यात उतरवतात), कार्ब्युरेटरजवळची नळी सोडतात आणि घड्याळ लावून इंधन मापाच्या डब्यात घेतात. उड्डाणावेळच्या गरजेच्या तुलनेत गुरुत्वाने येणारा प्रवाह १५० टक्के, पंपाने येणारा १२५ टक्के भरावा लागतो. गुरुत्वमध्य फार मागे असणे, एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरील झडपांच्या) तारा उलट जोडल्या जाणे हे दोषही उड्डाणाआधीच सापडले पाहिजेत.

बेळगावचा सांबरा विमानतळ (दुसऱ्या महायुद्धकालीन, बहुधा १९४२) समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मी. उंच आहे. ३५ अंश सेल्सियस तापमानात तेथील हवा ढोबळ हिशेबाने १,६५० मी. उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. साध्या (टर्बो नसलेल्या) इंजिनाची शक्ती सुमारे १५ टक्क्यांनी घटते, धाव लांबते, चढण मंदावते. जमिनीवरचा खरा वेग अधिक असूनही वेगदर्शक मात्र नेहमीचाच आकडा दाखवतो आणि नवखा वैमानिक तिथेच फसतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतील शांत, थंड सकाळ चाचणीस श्रेयस्कर. पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर हलक्या विमानांत वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनासाठी १० टक्क्यांचीच मुभा आहे. रबरी नळ्या फुगणे, काही फायबरच्या टाक्यांचे रेझिन मऊ पडणे हे धोके त्यातून संभवतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री व लेथकाम नावाजलेले असले, तरी धातूचा दाखला नसलेला भाग पंखाच्या जोडणीत वापरू नये.

मे २०२३ मध्ये सांबऱ्याहून उडालेले एक प्रशिक्षण विमान होन्निहाळजवळच्या शेतात उतरवावे लागले. ते कारखान्यात बनलेले होते; स्वनिर्मित विमानासाठी तर अशी शेते आधीच हेरून ठेवावी लागतात. चिकोडी-हुक्केरी बाजूला उभा ऊस, खानापूरकडे जंगल. पावसानंतर काळ्या रानात चाके रुततात आणि विमान नाकावर उलटते. शाळू निघालेले कोरडे शिवार त्यातल्या त्यात बरे, पण ते मिळेपर्यंत ऊन तापू लागलेले असते.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी व उड्डाण-अनुमती लागते. अमोल यादव यांनी मुंबईत बांधलेल्या विमानाला ती २०१९ मध्ये मिळाली. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे.