नववी-दहावी घरी करताना : विज्ञान आणि इतिहास-भूगोल कसं निवडावं

होमस्कूलिंग करणारे पालक आमच्या दुकानात येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : "नववी-दहावीसाठी चांगला संच कोणता?" आठवीपर्यंत हा प्रश्न ठीक होता. मुलाला आवडेल ते पुस्तक घेतलं, सहा महिन्यांनी बदललं, तरी काही बिघडत नव्हतं. नववीपासून तसं राहत नाही. म्हणून आमची विनंती अशी, की पुस्तकांची यादी करण्याआधी मूल दहावीची परीक्षा कुठून देणार हे घरात बसून ठरवा. भाषा आणि गणित कुठल्याही बोर्डाचं असलं तरी बरंचसं सारखं असतं. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं मात्र बोर्डागणिक खूप बदलतात, आणि उशिरा निर्णय घेतला तर त्याचा फटका याच दोन विषयांना बसतो.

परीक्षा कुठून?

महाराष्ट्रात घरी शिकणारी बरीच मुलं एनआयओएसमधून म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करतात. १९८९ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि पुण्यात तिचं विभागीय केंद्र आहे. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला माध्यमिकला प्रवेश मिळतो. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर आपला अभ्यास पुरेसा झाला आहे असं स्वयंघोषणापत्र चालतं, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलांना ही वाट सोयीची पडते. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही : पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमही आहे.

इथे विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं सक्तीची नाहीत, हे अनेकांना प्रवेश घेतानाच कळतं. विज्ञान व तंत्रज्ञानाचा विषय क्रमांक २१२, सामाजिक शास्त्रांचा २१३. यांऐवजी गृहविज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, चित्रकला असेही विषय घेता येतात. आमचं मत विचाराल तर, अकरावीला विज्ञान शाखा घ्यायचा विचार थोडासा जरी असला तरी २१२ आणि गणित सोडू नका. मूल चौदाव्या वर्षी म्हणतं, "मला केमिस्ट्री नको," आणि सोळाव्या वर्षी त्याला पशुवैद्यक व्हायचं असतं. तेव्हा दहावीच्या गुणपत्रिकेत विज्ञान नसेल तर मोठी अडचण होते.

दुसरी वाट १७ नंबरच्या फॉर्मची. राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मंडळ जवळची शाळा नेमून देतं, प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत मूल्यमापन तिथेच होतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. ज्या मुलाने पाचवी-सातवीपर्यंत शाळा करून मग घरी शिकायला सुरुवात केली, त्याला ही वाट सरळ जाते. फॉर्मच्या तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं आणि परीक्षेच्या कितीतरी आधी त्या संपतात. दिवाळीनंतर चौकशीला निघालात तर बहुधा जादा शुल्क भरावं लागतं, किंवा वर्ष जातं.

केंब्रिजच्या आयजीसीएसईला, म्हणजे दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला, खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, पण अशा मुलांना घेणारं परीक्षा केंद्र आधी शोधावं लागतं आणि खर्च वरच्या दोन्ही वाटांपेक्षा खूप जास्त येतो. विज्ञानासाठी इथे एक मोठी सोय आहे : प्रयोगशाळेतल्या परीक्षेऐवजी 'ऑल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल' हा लेखी पेपर देता येतो. याउलट ग्लोबल पर्स्पेक्टिव्हजसारख्या विषयात गटाने केलेला प्रकल्प शिक्षकांनी तपासून पाठवायचा असतो. एकट्याने शिकणाऱ्या मुलाला असा विषय घेऊन देण्याआधी केंद्राशी स्पष्ट बोलून घ्या.

सीबीएसईची दहावी घरी शिकून थेट देता येत नाही. तिथे पहिल्यांदा बसणाऱ्याला शाळेची पटनोंदणी हवी. 'सीबीएसई होमस्कूल पॅकेज' अशी जाहिरात दिसली तर परीक्षा नक्की कुठली, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

परीक्षेचं पुस्तक आणि शिकायचं पुस्तक

आमचं मुख्य सांगणं असं : परीक्षा ज्या बोर्डाची, सगळं शिकणंही त्याच बोर्डाच्या पुस्तकातून व्हायला हवं असं नाही. आणि विज्ञान व सामाजिक शास्त्रं एकाच संचातून घ्यायचीही गरज नाही. शाळेला एकच पुस्तक धरून चालावं लागतं, तुम्हाला ते बंधन नाही. परीक्षेआधीचे चार-पाच महिने बोर्डाचं पुस्तक, त्याचे प्रश्न, त्याची उत्तर लिहायची पद्धत. त्याआधीचं दीड वर्ष मात्र जे पुस्तक तो विषय उत्तम समजावतं, ते वापरा.

एक उदाहरण घेऊ. २०२३ साली एनसीईआरटीने, म्हणजे सीबीएसई शाळांची पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेने, दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती आणि आवर्त सारणी हे भाग काढले. इंग्रजी माध्यमातली पुष्कळ होमस्कूलिंग कुटुंबं एनसीईआरटीच वापरतात, कारण स्पर्धा परीक्षांच्या तयारीला ते जवळचं वाटतं. पण सजीवांमधलं वैविध्य कसं आलं हे न कळता जीवशास्त्र शिकणं म्हणजे नावांची यादी पाठ करणं. आणि आवर्त सारणीशिवाय सोडियम पाण्यात टाकल्यावर इतका खवळतो आणि मॅग्नेशियम का नाही, हे मुलाला घोकूनच लक्षात ठेवावं लागतं. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकांत 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' आणि 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे दोन्ही धडे आहेत. तेवढे तिथून घ्या. एनसीईआरटीच्या आवृत्त्या सध्या बदलत आहेत, तेव्हा जुनं पुस्तक कुणाकडून मिळालं तर साल बघून घ्या.

हे धडे विकत घेण्याचीही गरज नाही. बालभारती, एनसीईआरटी आणि एनआयओएस, तिघांचीही पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. एनआयओएसला प्रवेश घेतला की अभ्यास साहित्य फीमध्येच मिळतं, ते आमच्याकडून पुन्हा घेऊ नका. छापील प्रत हातात हवी असेल, पेन्सिलने खुणा करायच्या असतील, तर आम्ही आहोत.

घरातलं विज्ञान

विज्ञानात पालकांना खरी धास्ती प्रयोगांची असते. एनआयओएसच्या २१२ ला प्रात्यक्षिक परीक्षा आहे, आणि लेखी व प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. राज्य मंडळात विज्ञान भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, उरलेले २० प्रात्यक्षिकाचे. हे गुण केंद्रावर जाऊन दोन दिवसांत मिळवता येतात, पण ज्या हाताने कधी परीक्षानळी धरली नाही तो तिथे थरथरतो. त्यामुळे कमीत कमी दहा-बारा प्रयोग घरी व्हायलाच हवेत.

ओहमचा नियम बघा. लागतं काय? तीन सेल, अर्धा मीटर नायक्रोमची तार, एक स्विच आणि दोन साधे मल्टिमीटर. एक सेल, मग दोन, मग तीन लावून दर वेळी विभवांतर आणि विद्युतधारा मोजायची आणि आलेख काढायचा. रेषा सरळ येते. मग तारेच्या जागी टॉर्चचा जुना, फिलामेंटचा बल्ब लावा. रेषा वाकते, कारण फिलामेंट तापलं की रोध वाढतो. पुस्तकातल्या नियमात 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' असे शब्द आहेत. बहुतेक मुलं ते पाठ म्हणून टाकतात, बल्बचा आलेख काढलेलं मूल ते विसरत नाही. एक काळजी घ्या : धारा मोजताना मल्टिमीटरची तार १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला आणि मीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावू नका. आमच्याकडे 'बिघडला' म्हणून परत येणाऱ्या मीटरांचा बहुतेक वेळा फक्त फ्यूज उडालेला असतो. तो बदलून देतो.

रसायनासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि लोखंडी खिळा पुरतो. खिळा सँडपेपरने घासून निळ्या द्रावणात अर्धा तास ठेवा. खिळ्यावर तांबूस थर चढतो, निळा रंग फिका पडून हिरवट होतो. विस्थापन अभिक्रिया समोर दिसली. नाशिक-सांगलीकडच्या घरांत मोरचूद ओळखीचा असतो, द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात तोच असतो. तो विषारी आहे, म्हणून भांडी वेगळी ठेवा आणि स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नका.

तीव्र आम्लं आम्ही घरासाठी देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. दहावीपर्यंतचं बहुतेक सगळं व्हिनेगर, लिंबू, चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा आणि हळदीच्या कागदावर भागतं. उरलेलं केंद्राच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर करावं.

सूक्ष्मदर्शकाबद्दल खूप विचारणा होते. कांद्याची पापुद्र्यासारखी साल आणि पानावरची पर्णरंध्रं दिसायला १०० पट वर्धन पुरतं. मोठ्या आकड्याच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकापेक्षा कमी वर्धनाचा पण चांगल्या भिंगाचा घ्या. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक घेतला तर आणखी चांगलं.

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र

हे विषय घरी शिकणाऱ्या मुलांच्या वेळापत्रकात शेवटी ढकलले जातात. "वाचून होईल" असं म्हणतात. आम्हाला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण शाळेच्या तासांत जे जमत नाही ते या विषयात घरी सहज जमतं.

आधी राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाबद्दल. या पुस्तकात घटनांचा क्रम नाही. इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन, असे धडे आहेत. आम्हाला हे पुस्तक आवडतं. पण जे मूल थेट इथे येतं, ज्याने आधी इतिहास सलग वाचलेला नाही, त्याच्यासाठी ते हवेत लटकतं. अशा मुलाला नववीच्या सुट्टीत बालभारतीचे सहावी, सातवी आणि आठवीचे इतिहास गोष्टीसारखे सलग वाचायला द्या : प्राचीन भारत, मग शिवकाल आणि मराठे, मग आधुनिक भारत. परीक्षा नाही, स्वाध्याय नाही. महिन्याभरात होतं.

जगाचा इतिहास राज्य मंडळाच्या या दोन वर्षांत फारसा येत नाही. एनआयओएसच्या २१३ मध्ये भारत आणि जग यांचा एकत्र इतिहास आहे. एनसीईआरटीच्या आतापर्यंतच्या नववीच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती, रशियन क्रांती आणि नाझीवाद यांवर चांगली प्रकरणं आहेत, पण ते पुस्तक मराठीत नाही. मूल मराठीतून शिकत असेल तर पालकांनी ती वाचून तोंडी सांगावीत.

भूगोलात मात्र दहावीचं बालभारतीचं पुस्तक आम्ही कुठल्याही बोर्डाच्या मुलाला सुचवतो. भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, सगळ्यांची तुलना केली आहे. ब्राझीलच्या ईशान्येला अवर्षण चतुष्कोन, म्हणजे फार कमी पावसाचा प्रदेश, का तयार झाला हे वाचल्यावर मुलाला महाबळेश्वरहून वाईला घेऊन जा. वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि घाट उतरून तासाभरात पोहोचता त्या वाईत त्याचा पाचवा हिस्साही नाही. पुढे माण-खटावकडे गेलात तर आणखी कमी. पर्जन्यछायेचा प्रदेश गाडीच्या खिडकीतून दिसतो. सोबत त्या भागाची टोपोशीट म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा स्थलदर्शक नकाशा असू द्या. समोच्च रेषा वाचायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही.

दोन्ही विषयांसाठी एकच सहल करायची असेल तर जुन्नर तालुका. नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे, त्यात आकडेही कोरलेले आहेत. जवळच जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. कल्याणकडून देशावर येणारा व्यापार याच वाटेने चढत होता. वाटेत कातळाचे थर दिसतात ते लाव्हाचे. आणि त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली असते. त्या आठवड्यात दुसरं काही ठरवू नका.

नागरिकशास्त्राला जास्त पुस्तकं लागत नाहीत. गावात राहत असाल तर १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलाला घेऊन बसा आणि कोण काय विचारतं, ठराव कसा लिहितात, ते लिहून काढायला सांगा. शहरात असाल तर आपल्या प्रभागाची मतदारयादी आणि निवडणुकीचे निकाल समोर ठेवून दहावीतला निवडणूक प्रक्रियेचा धडा वाचा.

एनआयओएसवाल्यांसाठी एक सूचना. टीएमए म्हणजे गृहपाठासारखे स्वाध्याय, त्यांना २० टक्के भार आहे. सामाजिक शास्त्रांचे टीएमए अशा सहलींवरून आणि नोंदींवरून लिहिले तर मुलाचं स्वतःचं होतं. तयार उत्तरांच्या वह्या बाजारात मिळतात. आम्ही त्या ठेवत नाही.

दुकानात येताना

मुलालाही आणा, पुस्तक तेच वापरणार आहे. मूल कोणत्या इयत्तेपर्यंत शाळेत गेलं, दाखला आहे का, माध्यम कोणतं, अकरावीला साधारण कुठे जायचं आहे, एवढं सांगितलंत की अर्ध्या तासात यादी होते. परीक्षा अजून ठरली नसेल तर आम्ही त्या दिवशी फक्त प्रयोगाचं साहित्य आणि नकाशे सुचवू, पुस्तकं थांबवू. भिंगं, तारा, मीटर, नकाशे कुठल्याही बोर्डाला चालतात. न वापरलेली पुस्तकं महिन्याभरात परत घेतो, मात्र नाव घातलेलं नसावं. आमच्या मांडणीवर आधीच्या मुलांनी ठेवून गेलेली जुनी पुस्तकंही असतात, ती आधी बघा. बालभारतीचे सहावी ते आठवीचे इतिहास तिथे बहुधा मिळतातच.