२००८चं जॉर्जिया युद्ध : दोषाची मोजणी कुठून सुरू करायची?

७ ऑगस्ट २००८. संध्याकाळी सातच्या सुमारास जॉर्जियाचे राष्ट्राध्यक्ष मिखाईल साकाश्विली टीव्हीवर आले आणि आपल्या बाजूने गोळीबार थांबवत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्याच रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी जॉर्जियाच्या तोफा आणि ग्राद रॉकेटं त्स्खिनवालीवर आग ओकू लागली. जॉर्जियातून फुटून निघालेल्या दक्षिण ओसेतियाचं हे मुख्य शहर. रशियन रणगाडे रशिया आणि दक्षिण ओसेतियाला जोडणाऱ्या, कॉकेशसच्या डोंगरातल्या रोकी बोगद्यातून खाली उतरले आणि पाच दिवसांत राजधानी तिबिलिसीपासून तासा-दीड तासाच्या वाटेवरच्या गोरीपर्यंत पोचले. सुमारे ८५० माणसं मेली. लाखाहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं.

सुरुवात कोणी केली, हा वाद तेव्हापासून चालू आहे. रशिया मोजणी ११.३५ पासून करतो. जॉर्जिया त्याआधीच्या काही तासांकडे बोट दाखवतो : जॉर्जियन गावांवर चाललेला तोफांचा मारा आणि आधीच बोगद्यातून आत येऊ लागलेली रशियन कुमक. मला विचाराल तर दोन्ही मोजण्या फार उशिरा सुरू होतात.

दक्षिण ओसेतियाला सोव्हिएत जॉर्जियात १९२२ पासून स्वायत्त प्रांताचा दर्जा होता. डिसेंबर १९९० मध्ये, राष्ट्रवादाच्या भरात, जॉर्जियाच्या कायदेमंडळाने तो रद्द केला. त्यातून १९९१-९२चं पहिलं युद्ध पेटलं. जून १९९२च्या करारानुसार रशियन, जॉर्जियन आणि ओसेतियन अशा तिन्ही तुकड्या मिळून शांतता राखायची होती. म्हणजे रशिया पंचही होता आणि एका बाजूचा पाठीराखाही. इथेच सगळी गोम होती. पुढे २००२ पासून मॉस्कोने तिथल्या लोकांना सरसकट रशियन पासपोर्ट वाटायला घेतले, आणि २००८ मध्ये ‘आमच्या नागरिकांचं रक्षण’ हेच चढाईचं कारण सांगितलं.

तरीही मधल्या दहा-बारा वर्षांत माणसं एकमेकांपासून तुटली नव्हती, ती एका बाजारामुळे. त्स्खिनवालीच्या वेशीवर एर्गनेती नावाचं गाव आहे. तिथे रोज मोठा बाजार भरायचा. रशियातून पीठ, सिगारेटी, पेट्रोल यायचं. जॉर्जियातली फळं-भाज्या उलट दिशेने जायच्या. सगळा माल जकात चुकवून आलेला, पण युद्धात एकमेकांसमोर उभे ठाकलेले लोक तिथे एकमेकांकडून उधारीवर माल नेत होते. जुनी सत्ता उलथवणाऱ्या ‘गुलाब क्रांती’नंतर जानेवारी २००४ मध्ये निवडून आलेल्या साकाश्विलींनी तस्करी मोडून काढायची म्हणून त्याच वर्षी हा बाजार बंद केला. कायद्याच्या दृष्टीने त्यांचं चूक नव्हतं, तिजोरीचा तोटा खराच होता. पण त्या उन्हाळ्यात पुन्हा गोळीबार सुरू झाला आणि ओसेतियन माणसाला पोटासाठीसुद्धा मॉस्कोकडेच पाहावं लागलं. २००८च्या कारणांत या बाजाराचं नाव फारसं कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

मग २००८ उजाडलं. फेब्रुवारीत कोसोवोने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, अमेरिकेसह बहुतेक पाश्चात्त्य देशांनी त्याला मान्यता दिली आणि रशियाला आयता दाखला मिळाला. एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने युक्रेन आणि जॉर्जियाला ‘तुम्ही सदस्य व्हाल’ असं सांगितलं, पण जर्मनी आणि फ्रान्सच्या विरोधामुळे सदस्यत्वाचा मार्गही आखून दिला नाही आणि मुदतही सांगितली नाही. रशियाला डिवचलं, जॉर्जियाला संरक्षण मात्र मिळालं नाही. परकीय प्रतिसादाची पहिली चूक युद्धाच्या चार महिने आधीच झाली होती.

दुसरी शस्त्रसंधीत झाली. युरोपीय संघाचं अध्यक्षपद तेव्हा फ्रान्सकडे होतं. निकोला सार्कोझी १२ ऑगस्टला मॉस्कोला गेले आणि सहा कलमी मसुदा ठरला. त्यात जॉर्जियाच्या प्रादेशिक अखंडतेचा उल्लेख नव्हता. पाचव्या कलमात रशियन शांतिसैनिकांना ‘अतिरिक्त सुरक्षा उपाय’ करायची मुभा होती. त्या शब्दांचा आधार घेत रशियन नाकी ऑक्टोबरपर्यंत जॉर्जियाच्या गावांत ठाण मांडून बसली. २६ ऑगस्टला मॉस्कोने दक्षिण ओसेतिया आणि जॉर्जियातूनच फुटलेल्या अबखाझियाला देश म्हणून मान्यता दिली. निकाराग्वा, व्हेनेझुएला, नाउरू असे मोजके देश सोडले तर कोणी मागे गेलं नाही. चीनने दिली नाही, भारतानेही दिली नाही.

रशियाशी थांबवलेली भागीदारीची बोलणी पुन्हा सुरू करायचं युरोपने नोव्हेंबरमध्येच ठरवलं. मार्च २००९ मध्ये अमेरिकेने संबंधांची ‘नवी सुरुवात’ जाहीर केली. फ्रान्सने तर २०११ मध्ये रशियाला मिस्त्राल युद्धनौका विकण्याचा करारच केला. रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळल्यानंतर, २०१५ मध्ये, तो रद्द झाला.

दोषाचा सर्वांत कसून केलेला हिशेब स्विस मुत्सद्दी हायडी तालियाविनी यांच्या अहवालात आहे. युरोपीय संघाने नेमलेल्या त्यांच्या पथकाने तो ३० सप्टेंबर २००९ रोजी मांडला. मोठं युद्ध सुरू झालं ते जॉर्जियाच्या माऱ्याने, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात त्या माऱ्याचं समर्थन होऊ शकत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. पण रशियाचं प्रत्युत्तर स्वसंरक्षणाच्या मर्यादेपलीकडे गेलं, पासपोर्टवाटप आणि मान्यता दोन्ही बेकायदा, आणि ओसेतियन वंशसंहाराचा रशियाचा आरोप सिद्ध होत नाही, हेही लिहिलंय. युद्धाच्या पहिल्या दिवसांत दोन हजार मृतांचा आकडा सांगितला जात होता; रशियाच्याच तपासात पुढे तो १६२ नागरिकांवर आला. उलट, दक्षिण ओसेतियातून जॉर्जियन वस्त्या हुसकावून लावल्या गेल्या, हे अहवालाने मान्य केलं. मॉस्को आणि तिबिलिसी या दोघांनीही आपल्या सोयीची पानं तेवढी वाचली.

जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १२ ऑगस्टनंतरच्या अत्याचारांसाठी रशियाला जबाबदार धरलं, पण ऐन लढाईचे पाच दिवस आपल्या अधिकारकक्षेबाहेरचे मानले. म्हणजे ज्या दिवसांवरून सगळं भांडण आहे, त्यांचा निवाडा राहूनच गेला.

जॉर्जियात हा प्रश्न अजून निवडणुकीत वापरला जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये सत्ताधारी ‘जॉर्जियन ड्रीम’ पक्षाचे संस्थापक बिद्झिना इवानिश्विली गोरीत म्हणाले की, साकाश्विली सरकारने जे केलं त्याबद्दल ओसेतियन लोकांची माफी मागायला हवी. ज्या शहरात रशियन रणगाडे शिरले, तिथेच हे ऐकावं लागल्यामुळे अनेकांचा संताप झाला. गोरीच्या उत्तरेला आज शेतातून काटेरी कुंपण जातं. हिरव्या पाट्यांवर ‘राज्याची सीमा’ असं लिहिलेलं असतं. युरोपचे निरीक्षक २००८ पासून अलीकडच्या बाजूने गस्त घालतात. पलीकडे त्यांना अजून पाऊल ठेवू दिलेलं नाही.